‘आमच्या वेळी सगळे एकत्र बसायचो’

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांची एक तक्रार आता पहिल्या दोन वाक्यांतच ओळखू येते. ‘घरात सगळे असतो, पण कुणी कुणाशी बोलत नाही. जो तो आपल्या मोबाइलमध्ये.’ पाठोपाठ दुसरं वाक्य येतंच: ‘आमच्या लहानपणी असं नव्हतं.’ पहिल्या वाक्यातली काळजी खरी असते. दुसऱ्या वाक्यापाशी मात्र मी थांबते आणि बारकाईने विचारायला लागते, कारण घरातल्या मुलांवरचा सगळा ठपका त्या वाक्याच्या आधाराने ठेवलेला असतो.

डोंबिवलीचं एक कुटुंब याच तक्रारीने आलं होतं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी सून एकटीच आली. खासगी कंपनीत अकाउंट्स सांभाळते. नवरा बँकेच्या आयटी विभागात, काही दिवस ऑफिसात, काही दिवस घरून. मुलगी नववीत, मुलगा चौथीत. सासरे रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, सासूबाई घरीच. निमित्त एका रविवारचं. जेवताना मुलगी मोबाइल बघत होती. आजोबांनी तिच्या हातातून तो काढून घेतला आणि कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. मुलगी ताटावरून उठली, रात्रीही जेवली नाही. नवरा वडिलांना म्हणाला, ‘बाबा, तुम्ही यात पडू नका.’ त्यावर आजोबा म्हणाले, ‘मग माझं या घरात काम काय? मी जातो गावाला.’

‘मॅडम, बाबांचं चुकतंय असंही नाही हो,’ सून सांगत होती. ‘ते म्हणतात, आमच्या वेळी संध्याकाळ झाली की सगळं घर एकत्र बसायचं. आमच्याकडे तसं होतच नाही. मी कुठे कमी पडते तेच कळत नाही.’

हे शेवटचं वाक्य मला फार बायकांकडून ऐकायला मिळतं. घर एकत्र बसत नाही याचाही जाब बाईच स्वतःला विचारते.

पुढच्या वेळी सगळ्यांना बोलावलं. त्याआधी एक साधं काम दिलं होतं. आठवडाभरात खरोखर आपला असा वेळ कधी मिळाला आणि तो कुणाबरोबर गेला, हे प्रत्येकाने लिहून आणायचं. आजोबांनी आणि त्यांच्या मुलाने शिवाय आपल्या लहानपणीचा सगळ्यात सुखाचा मोकळा वेळ सांगायचा.

मुलाला आठवायला कष्ट पडले नाहीत. १९८७ साली तो आठ वर्षांचा होता. त्या वर्षी २५ जानेवारीला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. दर रविवारी सकाळी त्यांच्या दोन खोल्यांत आख्खा मजला जमायचा, कारण टीव्ही यांच्याकडेच होता. चपलांचा ढीग दाराबाहेर, मोठी माणसं खाटेवर, पोरं खाली सतरंजीवर. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. वडील पहाटे घर सोडायचे, पण वर्कशॉपचा भोंगा झाला की सुटायचे आणि ठरलेल्या गाडीने घरी यायचे. मग बदाम सात नाहीतर कॅरम. तो बोलत होता आणि आजोबा माना डोलवत होते. हेच त्यांचं ‘आमच्या वेळी’ होतं.

मग मी आजोबांना विचारलं, ‘काका, हे तुमच्या मुलाचं लहानपण झालं. तुमचं सांगा. तुमच्या वडिलांबरोबर तुम्ही काय करायचात?’

आजोबा कणकवलीकडचे. वडील गिरणीत. तिकडच्या असंख्य घरांसारखंच यांचंही घर दोन ठिकाणी वाटलेलं: बाप लालबागेत गाळ्यात, बरोबर गावचेच वीस-पंचवीस जण, जेवण खानावळीत, झोप पाळीप्रमाणे, आई आणि पोरं कोकणात. महिन्याला मनिऑर्डर यायची. वडील यायचे ते गणपतीला, जमलं तर शिमग्याला. आले की भजनात रात्र काढायचे, देणी-घेणी बघायचे, कौलं शाकारायचे आणि निघायचे. गावच्या जत्रेत दशावतार व्हायचा. रात्रभर चालायचा, पोरं गोणपाट अंथरून पुढेच बसायची. काळा वेश करून लाल जीभ काढलेला संकासुर आला की पळापळ व्हायची. आजोबांनी हे सगळं रंगून सांगितलं. नात पहिल्यांदाच मान वर करून ऐकत होती. मग ते थोडे थांबले आणि म्हणाले, ‘जत्रेला वडील नसायचेच. रजा कुठे मिळायची? मी चुलत्यांबरोबर जायचो. वडिलांबरोबर नुसतं बसलोय असं काही आठवत नाही मला.’

त्यानंतर त्यांनी आपणहूनच सांगितलं की डोंबिवलीत बिऱ्हाड केलं तेव्हा मनाशी ठरवलं होतं: पोराला बाप रोज दिसला पाहिजे. म्हणून ते ओव्हरटाइम टाळायचे, घरी येऊन पत्ते काढायचे.

ही गोष्ट त्यांच्या मुलाला पंचेचाळिशीपर्यंत ठाऊक नव्हती.

मला या घरातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. ‘पूर्वी सगळे एकत्र बसायचे’ म्हणताना आपण एक ठरावीक काळच डोळ्यांपुढे आणतो. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि नव्वदीत केबल घरोघर पोचली. मधल्या काळात नोकरीचे तास बांधलेले होते, घरात एक टीव्ही होता, त्यावर बघण्याजोगं एकच काही होतं, आणि पाय पसरायला दुसरी खोली नव्हती. त्या आधीच्या पिढीत कित्येक कोकणी, घाटी घरांत बाप वर्षातून दोनदा दिसायचा. आणि त्या मधल्या काळातलं एकत्र बसणंसुद्धा आपोआप होत नव्हतं. या घरात एका माणसाने ते हट्टाने घडवलं होतं, कारण त्याला स्वतःला ते मिळालं नव्हतं. आजोबांचा राग नातीच्या मोबाइलवर नव्हताच. आपण उभं केलेलं मोडतंय, याचं ते दुःख होतं. हे कळल्यावर मुलाचा बापाशी बोलण्याचा सूरच बदलला.

पण अजून आजींचा कागद राहिला होता. दुधाच्या हिशोबाच्या वहीतलं पान होतं ते. एका बाजूला तारखा आणि लिटर, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या मोजक्या ओळी. दुपारी अर्धा तास पडले. बुधवारी देवळात गेले. आणि मी विचारलेलं नसतानाही खाली लिहिलं होतं: ‘रामायण मी ऐकलं. बघितलं नाही.’

मजल्यावरची पंधरा-वीस माणसं बसलेली, त्यांचा चहा, मग जेवणाची घाई. आजी ओट्यापाशी उभ्या. त्यांनी ती आख्खी मालिका आतून, आवाजावर काढली. खोलीत सगळे गप्प झाले. आजींनी मात्र हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. ‘तसंच असायचं हो सगळीकडे,’ म्हणाल्या.

खरंच सगळीकडे तसंच होतं, आणि अजूनही फारसं बदललेलं नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ९७. आणि मुळात रोजचं घरकाम करणाऱ्या बायका ८१ टक्के, तर पुरुष जेमतेम २६ टक्के. घरातल्या फुरसतीबद्दल बोलायचं तर आधी हे बघावं लागतं. चौघं निवांत बसावीत म्हणून पाचवं माणूस उभं असेल, तर तो वेळ सबंध कुटुंबाचा म्हणता येत नाही. सुनेचा कागद आजींच्या कागदाहून फार वेगळा नव्हता. फक्त दुपारच्या पडण्याच्या जागी लोकलमधली खिडकी होती.

आता मुलीकडे येते. पालकांना वाटतं मोबाइल म्हणजे एकच काहीतरी. तिच्या कागदावर मात्र नीट फोड केली होती: मैत्रिणींशी गप्पा, गाणी, व्हिडिओ जोडून नवीन तयार करणं, अभ्यासाच्या ग्रुपवरचे निरोप, आणि रील्स. रील्सपुढे कंसात ‘हे जास्त होतं’ असं तिनेच लिहिलं होतं. मी विचारलं, मैत्रिणींना भेटत का नाहीस? म्हणाली, ‘कुठे?’ सोसायटीच्या आवारात गाड्या लागतात. शाळेनंतर क्लास, क्लासनंतर अंधार, आणि अंधार पडल्यावर बाहेर थांबायचं नाही हा घरचा नियम. तिच्या बाबांना या वयात गॅलरी होती, जिना होता, मैदान होतं. तिच्या वाट्याला गप्पा मारायला तो एक पडदा आला आहे. तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही. रात्री पावणेबारापर्यंत ती जागी असायची आणि सकाळी चिडलेली उठायची.

इथे व्यसनाबद्दल सांगायला हवं, कारण तो शब्द घरांत फार सहज वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत गेमिंगचा विकार घातला आहे, पण त्याच्या खुणा स्पष्ट आहेत: स्वतःवर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. मूल मोबाइल घेऊन बसतं एवढ्याने व्यसन ठरत नाही. मात्र झोप उडाली असेल, मित्र तुटले असतील, आवडीच्या गोष्टी सुटल्या असतील, मोबाइल काढून घेतल्यावर स्वतःला इजा करण्याची भाषा होत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. या मुलीच्या बाबतीत तशी वेळ नव्हती.

आणि वडील? त्यांचा कागद सगळ्यात लहान. ‘रात्री ११ ते १२.३०, मोबाइल.’ पूर्वी रोज लोकलने जाताना त्यांचा एक ग्रुप होता, मांडीवर बॅग ठेवून पत्ते चालायचे. घरून काम सुरू झालं आणि ते सुटलं. ऑफिसचा लॅपटॉप मात्र घरात आला. दिवसभरात स्वतःचा असा क्षण नाही, म्हणून झोपेतून तो काढायचा. मुलगी नेमकं तेच करत होती, शेजारच्या खोलीत.

उपायांचं म्हणाल तर पहिले दोन फसले. आजोबांनी सुचवलं, सातला सगळ्यांनी हरिपाठाला बसायचं. नातवंडं दोन दिवस बसली. सुनेने आठ ते नऊ ‘मोबाइल बंद’ असा नियम केला आणि दुसऱ्याच दिवशी तिला ऑफिसचा फोन घ्यावा लागला. मुलीने घड्याळाकडे बोट दाखवलं. असे नियम फसतात, कारण त्यात काय करायचं नाही एवढंच ठरलेलं असतं. आणि मुलं नियम आपल्यालाच लागू आहे का, हे ताबडतोब तपासतात.

जमलं ते आजींमुळे. मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय हवं? मला वाटलं होतं त्या म्हणतील, सगळ्यांनी माझ्याजवळ बसावं. त्या म्हणाल्या, ‘रविवारी पाच ते आठ मला कुणी हाक मारू नका.’ सोसायटीतलं भजनी मंडळ त्यांनी नातवाच्या जन्मानंतर सोडलं होतं, तिथे परत जायचं होतं. म्हणजे रविवारची रात्र बाकीच्यांवर आली. सुनेवर नाही, बाकीच्या सगळ्यांवर; हे मी स्पष्टच सांगितलं.

घावणे करायचं ठरलं. आजोबा खाली बसून विळीवर नारळ खवायचे, मुलगा कांदा-कोथिंबीर, वडील ओट्यापाशी, मुलगी बिडाच्या तव्यापाशी. पहिल्या रविवारी एकही घावन सुटा निघाला नाही, सगळे तुकडे चटणीबरोबर तवा पुसून खाल्ले. हात गुंतलेले असले की मोबाइल बाजूला ठेवा असं सांगावंच लागत नाही. नवव्या इयत्तेतल्या मुलीला समोर बसवून ‘बोल, काय चाललंय’ विचारलं तर ती बोलत नाही. पीठ घालता घालता बोलते. त्या वेळात मार्क, क्लास, नातेवाइकांची मुलं हे विषय काढायचे नाहीत एवढीच माझी अट होती. ती मोडली गेली की मुलगी सरळ निघून जायची, आणि तिला जाऊ द्यायचं असंही ठरलं होतं.

संकासुराचं मुलीने लक्षात ठेवलं होतं. एका रविवारी तिने यूट्यूबवर दशावतार शोधून टीव्हीवर लावला. आजोबा दोन तास हलले नाहीत. मध्ये मध्ये थांबवायला लावून ‘हा आता गणपतीला वंदन करतोय, खरं आख्यान पुढे’ असं सांगत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तिचा मोबाइल तिच्या हातात आणून दिला, ‘ते कालचं लाव’ म्हणून.

परीक्षेत रविवार मोडले. बँकेत काही बदल होते तेव्हा वडील महिनाभर घरात असून नसल्यासारखे होते. रोज एकत्र बसण्याचा आग्रह आता आजोबा धरत नाहीत. मुलगी अजूनही दिवसातले दोन-अडीच तास मोबाइलवर असते आणि त्यातले बरेचसे तिला हवेतच. अलीकडे सुनेचा फोन आला होता. रात्री मोबाइल मुलीच्या खोलीत राहू द्यावा का? मी नाही म्हटलं. रात्री साडेदहाला सगळे मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला लावा, आणि सगळे म्हणजे तुमचे दोघांचेही. नवरा म्हणाला, मला ऑफिसचा अलर्ट येतो. मग त्या एका कामापुरता आवाज चालू ठेवा, पण मोबाइल हॉलमध्येच.