आमच्या दुष्काळी तालुक्यात मोठा माळ आहे. तिथे ड्रोन चाचणी केंद्र होऊ शकेल का? काय काय लागतं?

होऊ शकतं. पण ‘माळ नुसता पडलाय’ असं म्हणून सुरुवात करू नका. कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ डीआरडीओची चाचणी रेंज २०१७ मध्ये सुरू झाली, ‘तापस’ या मोठ्या लष्करी ड्रोनची उड्डाणं तिथेच झाली. पण ती जमीन अमृतमहाल गुरांच्या चराईची होती. कागदोपत्री पडीक, प्रत्यक्षात आसपासच्या मेंढपाळांचं पोट त्यावर. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं.

तुम्हाला एवढा पसारा लागणार नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे मान्यताप्राप्त स्टार्टअप, शैक्षणिक संस्था आणि जीएसटी नोंदणी असलेले उत्पादक यांना संशोधन-चाचणीसाठी टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलची सरकारी मान्यता), ड्रोनचा नोंदणी क्रमांक किंवा पूर्वपरवानगी लागत नाही. अट एवढीच, की जागा ग्रीन झोनमध्ये (सरकारी नकाशावरचा, ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येणारा भाग) आणि तुमच्या ताब्यात हवी. शेजाऱ्याचं ‘उडवा की’ पुरत नाही, भाडेपट्टा लिहून घ्या.

फवारणीचा ड्रोन तपासताना बहुतेक जण टाकी भरून उडवतात, रिकामी उडवतात आणि ‘पास’ म्हणतात. खरी परीक्षा अर्ध्या टाकीची. दहा लिटरच्या टाकीत पाच लिटर पाणी घाला, सरळ वेगात न्या आणि एकदम थांबवा. पाणी पुढे आदळतं, नाक खाली जातं, कंट्रोलर ते सावरायला जातो तोवर पाणी मागे येतं. हे हेलकावे दोन-तीन झोक्यांत विरले पाहिजेत. वाढत गेले तर टाकीत आडवे पडदे बसवा, नाहीतर गेन (कंट्रोलर किती जोरात सावरतो ते प्रमाण) कमी करा, आणि तिन्ही वजनांवर पुन्हा उडवून बघा. सुरुवातीला साधं पाणीच वापरा, औषध नको.

विजेचा हिशोब आधी करा. १२ सेलची १६,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण ७१० वॉट-तास. भरलेलं यंत्र साडेचार किलोवॉट ओढत असेल, तर सुरक्षित वापर सात-आठ मिनिटांचाच. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावली की फुगू शकते. म्हणून चार-पाच संच, सावली आणि जनरेटर हवाच.

कुंपण आधी, काम नंतर हा आमच्या क्षेत्रातला हट्ट मला कधीच पटलेला नाही. माळावर दहानंतर ऊन तापलं की वारा उसळतो आणि मोजमापं बिघडतात, त्यामुळे चाचणी उजाडल्यापासून साडेनऊपर्यंतच करायची. तेवढा वेळ चारी बाजूंना वॉकी-टॉकी घेतलेली माणसं उभी करा, नंतर माळ गुरांना मोकळा. ग्रामसभेत ही वेळच ठरावात लिहून घ्या.

एक राहिलं: झोनचा नकाशा उड्डाणाच्या दिवशी पुन्हा उघडा, तात्पुरता रेड झोन (विशेष परवानगीशिवाय उड्डाण बंद) जाहीर झालेला असू शकतो. आणि परतीची उंची (संपर्क तुटला की ड्रोन ज्या उंचीवरून आपोआप परत येतो ती) आसपासच्या सगळ्यात उंच टॉवरपेक्षा किंवा पवनचक्कीच्या पात्याच्या टोकापेक्षा जास्त ठेवा. ती ४०० फुटांत बसत नसेल तर जागा बदला.