चेरोकीच्या मागच्या ॲक्सलला ग्रँड चेरोकीचे डिस्क ब्रेक बसतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: १९९९ ची जीप चेरोकी, म्हणजे एक्सजे, मागे ड्रम ब्रेक. जंकयार्डात पडलेल्या जुन्या ग्रँड चेरोकीचे, म्हणजे झेडजेचे, मागचे डिस्क त्याच ॲक्सलला लागतील का, आणि गाडी लवकर थांबेल का?

लागतात. लवकर थांबेल ही आशा मात्र सोडा. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, थांबवायचं बहुतेक काम पुढचे डिस्क करतात आणि ते तुमच्या गाडीला आहेतच. नीट ॲडजस्ट केलेला ड्रम कोरड्या रस्त्यावर काही कमी पडत नाही. मी बदल केला तो चिखलपाण्यासाठी. ओढ्यातून गाडी बाहेर काढली की ड्रममध्ये पाणी आणि बारीक रेती बसते, पुढचे दोनचार ब्रेक मागची चाकं नुसती सोबत येतात. डिस्क लगेच कोरडी होते. शिवाय पॅड किती उरलेत ते बघायला गंजलेला ड्रम हातोडीने ठोकत बसावं लागत नाही. इथे मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे ही ठोकाठोक मी भरपूर केली आहे.

आधी गाडीखाली जाऊन ॲक्सल कोणता ते बघा. डिफच्या, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या, झाकणाची खालची कड सपाट असेल तर क्रायस्लर ८.२५. झाकण अंड्यासारखं आणि त्यात तेल भरायला रबरी बूच असेल तर डाना ३५. डाना ३५ निघाला आणि टायर मोठे घालायचा विचार असेल, तर ब्रेकवर पैसे घालू नका. तो ॲक्सल नाजूक आहे. १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ अख्खा ॲक्सल शोधा. त्याला कारखान्यातूनच डिस्क आहेत, शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारे आतले दांडे, ३१ दात्यांचे आहेत आणि चाकाचे पाच बोल्ट जीपसारखेच साडेचार इंचांच्या वर्तुळावर. स्प्रिंगच्या बैठका मात्र वेल्ड कराव्या लागतात. माझ्या १९९८ च्या एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीला ८.२५ होता, म्हणून मी तोच ठेवला.

जंकयार्डात जाल तेव्हा झेडजेचं मागचं चाक काढून खात्री करा, सुरुवातीच्या काही गाड्यांना मागे ड्रमच होते. डिस्क दिसली की लागणारे भाग एकाच गाडीचे उचला. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि डिस्क नवे कुठल्याही पार्ट्सच्या दुकानात मिळतात, त्यांच्यासाठी यार्डात घाम गाळायचं कारण नाही. खरा माल म्हणजे कॅलिपर ज्यावर बसतो ती बॅकप्लेट, होजचे, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीचे, ब्रॅकेट, हँडब्रेकच्या केबली आणि मास्टर सिलिंडरखालचा, मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा पितळी व्हॉल्व्ह. मी पहिल्या खेपेला केबली विसरलो आणि त्याच गाडीखाली पुन्हा जाऊन आडवा झालो. तोवर कुणीतरी एक केबल कापून नेली होती.

बॅकप्लेट बसवायला शाफ्ट बाहेर यावे लागतात. डिफचं तेल काढा, झाकण उघडा, आडव्या पिनचा लॉकबोल्ट सोडवा. हा बोल्ट तुटायला टपलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सहा कडांचाच सॉकेट वापरा. पिन सरकवली, शाफ्ट आत ढकलला की त्याला अडवून धरणारी सी-क्लिप हातात पडते. त्यानंतर डिफमधल्या छोट्या गिअरना हात लावू नका, फिरले तर पुन्हा जागेवर आणण्यात संध्याकाळ जाते. शाफ्ट बाहेर आहेत तोवर ऑइल सील नवे टाका. डाना ३५ वर झेडजेची बॅकप्लेट सरळ बसते. ८.२५ च्या नळीचं टोक जाड असल्याने प्लेटचं मधलं भोक थोडं मोठं करावं लागतं. मी अर्धगोल कानशीने केलं. घाई केलीत तर भोक लंबगोल होतं आणि कॅलिपर तिरका बसतो. डिस्क चढवून तीन नट हाताने आवळा, कॅलिपर लावा आणि डिस्क बरोबर मध्ये फिरते का ते डोळ्यांनी बघा.

ॲक्सलवरचे लोखंडी पाईप ड्रमच्या सिलिंडरपर्यंत गेलेले असतात. ते आखूड करून टोकाला दुहेरी फ्लेअर मारा, म्हणजे टोक फाकवून दुमडा. दोन तुकडे जोडायची ती दाबाची कपलिंग ब्रेकच्या पाइपाला कधीही लावू नका. होजच्या बोल्टला तांब्याचे वॉशर नवेच.

आणि कॅलिपर डावा-उजवा तपासा. हवा काढायचं निप्पल वरच्या बाजूला हवं. माझ्याकडे दोन्ही खोक्यांची अदलाबदल झाली आणि निप्पल खाली आली. बायको आत बसून पेडल दाबतेय, मी खालून "दाब... धरून ठेव... सोड" करतोय, ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या संपल्या तरी पेडल स्पंजासारखं. हवा वरच्या कोपऱ्यात मजेत बसलेली. शेवटी तिनेच खाली वाकून विचारलं, "पुढच्या चाकाचं निप्पल वर आहे, मग हे खाली कसं?"

हँडब्रेकसाठी डिस्कच्या मधल्या टोपीत छोटा ड्रम असतो. आधी बॅकप्लेटमागच्या भोकातून स्क्रूड्रायव्हरने दातेरी चाक फिरवून लायनर जेमतेम घासतील इतके आणा, केबल त्यानंतर ताणा. उलट केलंत तर लिव्हर वरपर्यंत येतो आणि गाडी उतारावर सरकते.

राहिला पितळी व्हॉल्व्ह, आणि बहुतेक लोक नेमका हाच सोडतात. ड्रममध्ये लायनर फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप आणखी आवळतो. डिस्कला ती सोय नाही, तिला तेवढ्याच पकडीसाठी तेलाचा दाब जास्त लागतो. तुमचा व्हॉल्व्ह ड्रमच्या हिशोबाने मागचा दाब कमी करतो. मी महिनाभर तसाच फिरलो. ब्रेक लागत होते, पण मागच्या डिस्कवरचा तांबूस गंज रोज चालवूनही पुसला जात नव्हता. म्हणजे पॅड नुसते टेकत होते. मग झेडजेच्या व्हॉल्व्हमधले पिस्टन आणि स्प्रिंग माझ्या व्हॉल्व्हमध्ये घातले, पुन्हा हवा काढली, आणि आठवड्यात डिस्क चकचकीत झाल्या.

हे केल्यावर रिकाम्या, ओल्या पार्किंगमध्ये हळू वेगात जोरात ब्रेक मारून बघा. कुणाला तरी बाहेर उभं करा. आधी पुढची चाकं लॉक झाली पाहिजेत. मागची आधी झाली तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, वळणावर शेपूट फिरेल. मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी नसते, त्यामुळे तपासणारे तुम्हीच.

डिफच्या झाकणाचा फोटो खाली टाका, ॲक्सल कोणता ते सांगतो.