जपानमध्ये जावयाला दत्तक घेतात, हे खरं का?

हो, खरं आहे. त्याला 'मुकोयोशी' म्हणतात. आपला घरजावई सासुरवाडीत राहतो, पण आडनाव स्वतःचंच लावतो. मुकोयोशी मात्र सासऱ्यांचा कायदेशीर मुलगा होतो आणि त्यांचं आडनाव घेतो.

याचं मूळ 'इए' या कल्पनेत आहे. इए म्हणजे घराणं: त्याचं नाव, धंदा, पितरांची पूजा, सगळं त्यात आलं. रक्त तेच असायला हवं असं नाही, घराणं पुढे चाललं म्हणजे झालं. म्हणून ओसाकाकडचे व्यापारी मुलगी झाली की खूश व्हायचे म्हणे. मुलगा कसा निघेल सांगता येत नाही, जावई मात्र पारखून आणता येतो!

आपल्या ओळखीचं उदाहरण सुझुकी मोटर कंपनीच्या ओसामु सुझुकी यांचं. मारुती गाड्या भारतात आल्या त्या त्यांच्याच काळात. जन्माने ते मात्सुदा. 1958 मध्ये सुझुकी घराण्यातल्या मुलीशी लग्न झालं, आडनाव बदललं आणि पुढे कित्येक दशकं कंपनी त्यांनीच चालवली.

जावयाला मात्र हे सुखाचं नसायचं. 'घरात नुसता तीन मापं कोंडा असला तरी मुकोयोशी होऊ नकोस,' अशी जपानी म्हणच आहे.

1898 च्या जपानी नागरी कायद्यात इए पद्धत होती; घरातल्यांच्या लग्नाला संमती द्यायचा अधिकार घरप्रमुखाला होता. युद्धानंतर, 1947 मध्ये, इए पद्धत कायद्यातून गेली. नवरा-बायकोचं आडनाव एकच हवं, हा नियम मात्र राहिला. तो 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही वैध ठरवला. आडनाव दोघांपैकी कोणाचंही चालतं, पण बदलतात बहुतेक बायकाच.