स्थळ: इंदूर

अमेय, पीथमपूरच्या कारखान्यातली आठ वर्षं टोरांटोच्या रेझ्युमेत कशी मांडू, असं विचारलंस. व्हिसा, पॉइंट वगैरे सरकारी साइटवर वाच, त्यात मी पडत नाही.

जेल रोडवर टाइप करून घ्यायचो तो बायोडाटा विसर. वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित-अविवाहित, फोटो, सगळं काढ. टक्केही काढ, आपला ६३ टक्क्यांचा फर्स्ट क्लास इथे काठावर पास वाटतो. दोन पानं पुरेत, कागद लेटर साइझ, ए-फोर नाही. तक्ते नकोत, आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि गोंधळतं. ‘जबाबदारी सांभाळली’ असलं काही लिहू नकोस. शिफ्टला किती माणसं होती, रिजेक्शन कितीवरून कितीवर आणलंस, ते लिही. लाख-कोटी इथे कळत नाहीत. पीथमपूरही नाही, तेव्हा कंपनी काय बनवते ते अर्ध्या ओळीत सांग.

एकटेपणा? असतो. डिसेंबरात जास्त.

मुलीच्या शाळेचं मात्र अजून डाचतं. फॉर्मवर ‘घरची भाषा’ समोर मी ऐटीत मराठी लिहिलं. इंदुरात चौथीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेली पोर. तिला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात बसवलं, वर्षभर! तिच्याशी दोन वाक्यं बोलून बघायला काय झालं होतं?

मग मीही शहाणा झालो. २०११ साली इथे इंजिनिअरच्या परवान्यासाठी वर्षभराचा कॅनडातलाच अनुभव लागायचा. (ओंटारियोत ती अट २०२३ मध्ये गेली. नशीबवान आहेस.) कुणीतरी म्हणालं, डिग्री दिसली की गोदामवाले घेत नाहीत, टिकणार नाही म्हणतात. मी डिग्री खोडली. पीथमपूरची अकरा वर्षंही खोडली. उरलं एक पान: मेहनती, रात्रपाळी चालेल. आठवड्यात काम लागलं. बाबांना फोनवर सांगितलं, प्लांटमध्ये लागलो. त्यांनी रामबागेत जिलबी वाटली.

असा दुसरा रेझ्युमे तूही करशील. कर, पण पहिला महिन्या-दोन महिन्यांनी उघडून बघत जा. मी चार वर्षांनी उघडला, तर त्यातल्या निम्म्या मशिनी मलाच आठवेनात.

आपल्या बायोडाटाखाली असायचं ना, ‘वरील माहिती खरी आहे, स्थळ: इंदूर’, आणि सही? इथे ते मागत नाहीत. त्या वेळी बरंच वाटलं होतं.

मसुदा पाठव, रविवारी बघतो.