सीमेवर बीएसएफऐवजी (सीमा सुरक्षा दल) थेट लष्कर का नको? आणि दंगलीत लष्कर बोलावलं तर गोळीबाराचा हुकूम कोण देतं?

चीनबाजूची प्रत्यक्ष नियंत्रण रेषा आणि काश्मीरमधली पाकिस्तानबाजूची नियंत्रण रेषा सोडली, तर सीमेवरचं रोजचं काम बरंचसं पोलिसी असतं. बांगलादेश सीमेवर कुंपण साधारणपणे शून्य रेषेपासून (म्हणजे खऱ्या सीमारेषेपासून) 150 यार्ड आत आहे, त्यामुळे कित्येकांची शेतं कुंपणापलीकडे पडतात. ठरल्या वेळी फाटक उघडायचं, शेतकऱ्याचं ओळखपत्र बघायचं, संध्याकाळी माणसं परत आली का ते मोजायचं. यासाठी पायदळाची बटालियन अडकवणं म्हणजे युद्धाचा सराव बुडवणं. 1965 पर्यंत पाकिस्तान सीमेवर राज्यांचे सशस्त्र पोलीस होते. कच्छमध्ये पाकिस्तानी फौजेपुढे ती व्यवस्था तोकडी ठरली आणि 1 डिसेंबर 1965 ला गृहखात्याखाली बीएसएफ उभं राहिलं. नियंत्रण रेषेवर मात्र बीएसएफ लष्कराच्या हुकमतीखाली काम करतं.

बीएसएफ कायद्याच्या कलम 139 खाली त्यांना झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार मिळतात. 2021 मध्ये पंजाब, बंगाल आणि आसामात या अधिकारांची सीमेपासूनची हद्द 15 वरून 50 किलोमीटर झाली. त्यावर ओरड बरीच झाली, पण तपास आणि आरोपपत्र हे बीएसएफचं काम नाही, ते आजही नाही. आरोपी आणि माल पोलीस, कस्टम्स किंवा एनसीबीच्या (केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग) हवाली करावा लागतो, आणि प्रवासाचा वेळ वगळता 24 तासांत आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहिला पाहिजे.

खटले सुटतात ते या हवाली करण्यातच. पंचनामा जागेवर हवा: वेळ, सीमाखांबाचा क्रमांक, मालाचं वजन, सील, पंचांच्या सह्या. पहाटे पकडलेल्या मालाची यादी दुपारी चौकीत बसून लिहिली, की जप्तीच्या कागदावर एक वेळ आणि ठाण्याच्या डायरीत दुसरी येते. बचावाच्या वकिलाला तेवढं पुरतं. अमली पदार्थ असतील तर अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे’ हे सांगावंच लागतं (अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा, कलम 50). ते राहिलं, तर खिशात सापडलेल्या पुडीचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही.

आता दंगल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 149 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं, 130) सांगतं की जमाव पांगवायला लष्कर वापरायचं का, हे जिल्हा दंडाधिकारी किंवा त्याने अधिकार दिलेला, हजर असलेला कार्यकारी दंडाधिकारी ठरवतो. मागणी लेखी घ्यायचा शिरस्ता आहे. पण कसं पांगवायचं, गोळी चालवायची का आणि किती, हे तुकडीचा अधिकारी ठरवतो, तेही कमीत कमी बळ आणि कमीत कमी इजा या अटीवर. ‘हवेत गोळीबार’ लष्कराच्या शिकवणीत बसत नाही, कारण ती गोळी लांबच्या गच्चीवरच्या माणसाला लागू शकते.

घोळ होतो तो बहुधा मागणीत. नुसतं ‘लष्कर पाठवा’ म्हटलं, की तुकडी येते आणि ध्वजसंचलन करून उभी राहते. जानेवारी 1993 च्या मुंबई दंगलीत लष्कराचा परिणामकारक वापर करण्याचे आदेश निघेपर्यंत चार मोलाचे दिवस गेले, असं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं आहे.

दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड असेल, तर कमिशन्ड अधिकारी कलम 150 खाली स्वतः कारवाई करू शकतो. पण संपर्क झाला, की कारवाई चालू ठेवायची की थांबवायची हे पुन्हा दंडाधिकारीच सांगतो.