पावसात मुलं घरात अडकली की

गोव्यातल्या पहिल्या पावसाळ्यात मुलांना घरात कसं रमवायचं म्हणून तू घाबरली आहेस, ते साहजिक आहे. इथं जून ते सप्टेंबर बाहेर पडायची सोय नसते, त्यात वीज गेली की मुलं अंगावर येतात. मी दोन मुलं इथंच वाढवली, म्हणून सांगते. रोज नवा खेळ शोधत बसू नकोस. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून एक पदार्थ करायचा, एवढंच धर.

सुरुवात पातोळ्यांनी कर, म्हणजे हळदीच्या पानात वाफवलेला तांदळाचा गोड पदार्थ. श्रावणात हळदीची पानं बाजारात येतात, नागपंचमीला तर घरोघरी पातोळ्या होतात. तांदूळ रात्री भिजत घाल, सकाळी थोडं मीठ घालून जाडसर वाट. पानं पुसायचं काम धाकट्याला दे. मोठी मुलगी बोटांनी पानावर पीठ पातळ पसरवेल. खोबरं आणि गुळाचं चूण, म्हणजे आतलं सारण, नवऱ्याला करू दे, वेलची तोच कुटेल. मग पिठावर चूण घालून पान मधोमध दुमडून १५ मिनिटं वाफवायचं. झाकण काढलं की हळदीचा वास घरभर पसरतो आणि मुलं आपोआप मोदकपात्राभोवती जमतात. पीठ सांडेल, पान फाटेल. ओरडू नकोस, तेवढं सांभाळ.

संध्याकाळी पत्ते काढ, झब्बू सहा वर्षांच्या मुलालाही जमतो. आजी असतील तर मुलांना त्यांच्याकडून माटोळीतल्या, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांच्या चौकटीतल्या, रानफळांची नावं विचारून घ्यायला लाव. चतुर्थीला तीच फळं गणपतीच्या वर टांगलेली दिसली की मुलं स्वतःहून ओळखू लागतात. फोन तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेव, तुझासुद्धा.