जिप्सीला दोन इंचाचा बॉडी लिफ्ट घालायचाय, जॅक कुठला घेऊ?

दादा, तुम्ही विचारलंय की जिप्सीला दोन इंचाचं किट घरच्या अंगणात बसवायचंय तर तीन टनाचा ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा) घेऊ का हाय-लिफ्ट (खाचांच्या उभ्या दांड्याचा जॅक) घेऊ. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, माझ्याकडं पण जिप्सीच आहे आणि हेच काम मी दारात केलंय, पहिल्यांदा चुकलं, नंतर नीट झालं. माझं मत विचाराल तर दोन्ही नको, दोन साधे बॉटल जॅक, म्हणजे बाटलीसारखे उभे तेलाचे जॅक, घ्या.

का ते सांगतो. बॉडी लिफ्टमध्ये गाडी उचलायचीच नसते, चारी चाकं जमिनीवरच राहतात, चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, जागची हलत नाही, फक्त बॉडी चॅसीपासून वर घेऊन मध्ये स्पेसर, म्हणजे उंचीचे ठोकळे, घालायचे असतात, एका बाजूचे बोल्ट काढून आणि दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले करून. अख्खी जिप्सीच हजार किलोच्या आसपास, त्यातलं इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, चाकं हे सगळं चॅसीवरच राहतंय, मग एका बाजूला बॉडीचं वजन येऊन येऊन किती येणार, दोन टनाचा जॅक पण त्याला जास्तच होतोय. त्यामुळं दुकानदार टन सांगत बसला तर तिकडं लक्ष देऊ नका. बघायचं हे की जॅक सरळ वर जातोय का आणि खाली येताना किती हळू येतोय.

ट्रॉली जॅक सरळ वर जात नाही. त्याचा हात गोलाईत वर जातो, म्हणून वर जाताना त्याच्या टोकाची वाटी थोडी मागंपुढं सरकते, आणि ते सरकणं भरून काढायला जॅकला चाकं दिलेली असतात. गॅरेजच्या गुळगुळीत काँक्रीटवर जॅक आपोआप पुढं येतो, काही कळत पण नाही. खरं आमच्या अंगणात तांबडी माती, त्यात आदल्या रात्री वळीव पडलेला. मी जॅक लावला, चार-पाच दांडे मारले, चाकं मातीत रुतून बसली आणि जॅक पुढं यायचं सोडून बॉडीलाच आडवी ओढायला लागला. खालच्या पत्र्याची कड दुमडून आत गेली आणि बॉडी बाजूला सरकून बोल्टची भोकं अर्धा इंच चुकली. दोघांनी पहार घालून ती भोकं जुळवता जुळवता दुपार गेली, आणि ती कड मी अजून सरळ करून घेतलेली नाही, गाडी धुताना दर वेळी हाताला लागते.

हाय-लिफ्ट ही चांगली वस्तू आहे, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात गाडी चिखलात बसली की तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण या कामाला नको. एक तर ती बंपरला नाहीतर रॉक स्लायडरला (दाराखालच्या जाड लोखंडी पाइपला) लावायची वस्तू, आणि हे बहुतेक चॅसीला बोल्ट केलेले असतात, म्हणजे तुम्ही उचलाल ती अख्खी गाडी, बॉडी आणि चॅसीमधली फट आहे तेवढीच राहणार. दुसरं म्हणजे ती खाली येते खाचाखाचांनी, एकेक झटका देत, आणि आपल्याला बॉडी टेकवायचीय बोल्टच्या भोकावर भोक धरून. शिवाय खाच-खाच उतरायला तिच्यावर थोडं वजन असावंच लागतं, बॉडी स्पेसरवर टेकली की वजन संपतं आणि हुक एकदम घसरत खाली येतो, दांडा उसळून तोंडावर आला तर जबडा फुटेल. लहान पोरं अंगणात असतील तर विचार पण करू नका.

आता बॉटल जॅक. पाच टनाचे दोन घ्या, ताकदीसाठी नव्हे, बूड रुंद असतंय म्हणून. उंची साधारण १८-२० सेंटिमीटर, तेलावर ११-१२ सेंटिमीटर वर जातो, वर फिरवायचा स्क्रू असतो त्याचे आणखी काही सेंटिमीटर. दोन इंच म्हणजे ५ सेंटिमीटर, स्पेसर आत सरकवायला ७-८ लागतील, त्यामुळं उचल भरपूर होते. अडचण वेगळीच, जमिनीपासून बॉडी बरीच उंच असते, जॅक पोचत नाही. मग खाली ठोकळे रचायचे, दोन आडवे दोन उभे असे, एकावर एक नुसते ठेवून नाही. मी सुताराकडून बाभळीचे जाड ठोकळे कापून आणले होते आणि सगळ्यात खाली मातीवर रुंद फळी टाकली होती. जॅकच्या डोक्यावर पण दीड-दोन फूट लांब चार इंची लाकूड ठेवा, वर दुमडलेलं पोतं, म्हणजे भार एका जागी न येता पसरतो. आणि ते लाकूड नुसत्या पत्र्याला नको, बॉडी माउंटच्या (बॉडी चॅसीला बोल्टनं बसते त्या जागेच्या) जवळ जिथं फ्लोअरची आडवी पट्टी आहे तिथं लावा.

एक जॅक पुढं, एक मागं, दोन माणसं, आळीपाळीनं तीन-तीन दांडे. एकदम एकच टोक उचललं तर बॉडी पिळते. तिसरा माणूस फक्त बघायला ठेवा, त्याचं काम स्टिअरिंगचा शाफ्ट, रेडिएटरचे होज, फॅनचं कव्हर, अर्थची पट्टी, ब्रेकचे पाइप आणि डिझेल-पेट्रोल भरायच्या नळीवर नजर ठेवणं, यातलं काही ताणलं की ओरडायचं. वर जाईल तसे बॉडी आणि चॅसीच्या फटीत लाकडाचे तुकडे सारत जा, जॅक सुटला तरी बॉडी त्यावर थांबेल. स्पेसर पकडीनं धरून आत ढकला, बोटं फटीत घालायची नाहीत, कितीही घाई असो. बोल्टला आदल्या दिवशीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, आमच्याकडच्या पावसात ते सहज सुटत नाहीत.

स्पेसर लाकडाचे करू नका. बेळगावात उद्यमबागेत लेथवाले भरपूर आहेत, ॲल्युमिनिअमचे नाहीतर नायलॉनचे काढून देतील, आणि लांब बोल्ट घ्याल ते डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा नंबर छापलेलेच घ्या.

गाडीचा नंबर बेळगावचा केए २२ असो नाहीतर चिक्कोडीचा केए २३, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सगळ्यांना सारखंच, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये पण तेच सांगितलंय. आरटीओत आणि विमावाल्याकडं आधी विचारा, किट नंतर मागवा.

जॅक घेताना दुकानातच बघा. दुकानाबाहेर कुठल्या तरी गाडीखाली लावून वर घ्या, दहा मिनिटं तसाच ठेवा, पिस्टनभोवती तेल पाझरतंय का, भार खाली बसतोय का ते बघा, मग जॅक उतरवायचा खालचा स्क्रू केसभर सोडून बघा. भार मुंगीच्या पावलानं उतरला तर घ्या, एकदम बसला तर तो जॅक तिथंच ठेवा आणि दुसरा मागा.